तरटे नानांचा कीबोर्ड

माउस नावाच्या वस्तूशी तरटे नानांचं कधी पटलं नाही. आमच्या दूध संघाच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर आलेला माउस त्यांनी म्हणे आठवडाभर वापरून पाहिला, मग वायर गुंडाळून कॅलेंडरच्या खिळ्याला टांगून टाकला. मी नोकरीला लागले तेव्हा तो तिथेच होता. बाहेरच्या कुणी विचारलंच तर नाना मान न हलवता सांगायचे, "आजारी हाय त्यो." हे आजारपण माझ्या डोळ्यांदेखत सहा-सात वर्षं चाललं.

खरं कारण धूळ. आष्टीच्या माळावर फेब्रुवारीपासून वारा सुटतो. मग खिडक्या लावा नाहीतर पडदे सोडा, संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. त्या जुन्या माउसच्या पोटात एक रबरी गोळी असायची. ती धुळीनं माखली की पडद्यावरचा बाण एकतर हलायचाच नाही, नाहीतर भलतीकडेच पळायचा. नानांकडे असल्या लाडांना वेळ नव्हता. ते मूळचे टायपिस्ट, बीडच्या एका क्लासात मराठी टाइपरायटरवर दहा बोटं बसवून आलेले. दहा बोटं कामाला असताना त्यातली पाच उचलून एका डबीवर ठेवायची, हा त्यांना शुद्ध आळस वाटायचा.

"हात जागचा हलवायचा न्हाई," हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं तत्त्व. "हात हलला का काम सांडलं."

अंगानं काटक, उंच. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम वाळलेलं. घर मेंढपाळांचं. धाकटा भाऊ अजूनही मेंढरं घेऊन गेवराईच्या अंगाला, गोदाकाठावर उतरायचा आणि पाऊस पडल्याची बातमी आली की परतायचा. त्या घरात खुर्चीत बसून काम करणारे नाना पहिले, आणि त्या खुर्चीचा त्यांना लई अभिमान. सकाळी आल्यावर ते आधी खुर्ची पुसायचे, मग कीबोर्ड, आणि मग भिंतीवरच्या देवाच्या फोटोला हात जोडायचे. क्रम कधी बदलला नाही. देवाला त्याचं वाईट वाटलं असलं तरी त्यानं तसं कधी दाखवलं नाही.

मी लागले तेव्हा कोर्सवाली होते. घरी सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, बोलण्यात थोडी शिष्ट. नानांनी दुसऱ्याच दिवशी मला शर्यत लावायला लावली. गावोगावच्या दूध संकलनाची एक यादी उतरवायची, चार रकाने, साठेक नावं. मी माझ्या टेबलावर नव्या माउसनं, ते त्यांच्या टेबलावर बिनमाउसचे. माझी पस्तिसावी ओळ चालू होती तेव्हा मला तंबाखू मळल्याचा आवाज आला. नाना खुर्चीला टेकून बसले होते आणि त्यांचा प्रिंटर कर्रकर्र कागद ओढत होता.

"चालू दे तुझं," ते म्हणाले, "आमास्नी घाई न्हाई."

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. रोज एक कळ. "आज तुला ऑल्ट टॅब." झालं, दिवसभर तेवढीच. संध्याकाळी निघताना विचारायचे, "काय काय केलंस त्येनं?" आणि उत्तर पटलं तरच दुसऱ्या दिवशी पुढची मिळायची. नाही पटलं तर तीच परत. कंट्रोल एसवर मला त्यांनी चार दिवस रखडवलं होतं. मला वाटायचं, म्हातारा खेळवतोय आपल्याला. पण एकदा भर दुपारी लाइट गेली आणि मला ते चार दिवस कळले.

आमच्या ऑफिसातला युपीएस चार मिनिटं तग धरायचा. त्या चार मिनिटांत तो सारखा टीं टीं करत राहायचा आणि मी माउसकडे झेपावायची. माउसचा बाण शोधा, तो त्या इवल्याशा चौकोनावर नेऊन ठेवा, तेवढ्यात पडदा काळा. नाना मात्र तेव्हाच सगळ्यात सावकाश व्हायचे. कंट्रोल एस, ऑल्ट एफ फोर, विंडोजची कळ, उजवा बाण, एंटर. प्रत्येक कळ दाबताना तिचं नाव पुटपुटायचे. मशीन बंद झालं की उरलेल्या मिनिटभरात युपीएसच्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "निज आता."

त्यांची आणखी एक सवय होती. स्क्रीनवर काही निरोप आला, काही अडलं, की ते स्वतः वाचायचे नाहीत. मला हाक मारायचे. "सुनंदा, काय म्हणतंय ते वाच. मोठ्यानं वाच." मी वाचायची, ते छताकडे बघत ऐकायचे आणि मग बरोबर कळ दाबायचे. मी याला त्यांचं मास्तरपण समजत होते. माझं वाचन सुधारावं म्हणून चाललंय, असं मी घरीही सांगितलेलं.

मग एके दिवशी मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. रोज उजवीकडे ठेवायची, त्या दिवशी उजवीकडे फायली होत्या. नानांनी वळताना तो उडवला. सगळा चहा त्यांच्या धोतरावर. मी ओरडले. नाना ओरडले नाहीत. ते खाली बघत राहिले, आणि ते चहाकडे बघत नव्हते. चहा होता त्याच्या हातभर पलीकडे बघत होते.

मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "नाना, दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी चाचपून कप उचलून ठेवला. मग म्हणाले, "दिसतं. बांगडीतनं बघितल्यावानी दिसतं. मधलं तेवढं. कडंचं समदं गेलं." नगरला जाऊन डोळे दाखवून आले होते. काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. ते औषधाचे थेंब घालत होते, पण बांगडी लहान होत चालली होती.

"कामून न्हाई सांगितलं कुणाला?" माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा आली.

"सांगितलं का घरी बसवतील." एवढंच. मग धोतर झटकत, "दोन वर्सं ऱ्हायलीत माझी. ह्या खुर्चीवरनं मला माझ्या पायानं उठायचं हाय पोरी. कुणी उठवलेलं नको."

त्यात केविलवाणं असं काही नव्हतं. मागणंही नव्हतं. माणूस आपली अडचण सांगतो तसं सांगितलं त्यांनी. मी शब्द दिला, आणि त्या दिवसापासून आमच्या दोघांत एक व्यवहार ठरला. टायपिंग, यादी, सगळं नाना करणार. छापलेला कागद ऑफिसाबाहेर जायच्या आधी मी तो एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार. त्यांनी विचारायचं, "वाचलीस का?" मी म्हणायचं, "वाचली." मगच कागद जाणार.

दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. उलट नानांची कीर्तीच वाढली. एकदा जिल्ह्यावरनं एक तरुण अधिकारी तपासणीला आला. त्यानं नानांच्या खुर्चीत बसून माउस शोधला, तो खिळ्याला दिसला, मग मुकाट्यानं उठला. नानांनी बसून त्याला हव्या त्या फायली एकामागून एक उघडून दाखवल्या. किती ओळी खाली, किती रकाने उजवीकडे, सगळं बोटांना पाठ. अधिकारी बघतच राहिला. "तुम्ही स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही!" तो म्हणाला. नाना म्हणाले, "बघायचं तुमी सायेब, आमी दाखवायचं." मॅनेजर साहेब खूश झाले. मी मागे उभी राहून घामानं भिजले होते.

मी त्यांना एकदा विचारलं, इतकं मोजून कसं लक्षात राहतं. ते म्हणाले, त्यांचे वडील संध्याकाळी मेंढरं वाघुरात घेताना, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात घेताना, दाराशी उकिडवे बसायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीला हात लावून मोजायचे. अंधार असो, धूळ असो. "बघून मोजलं का चुकतंय. हात लावून मोजायचं." नानांना वडिलांचा हात होता आणि त्यांना तो फार भरवशाचा वाटायचा. मलाही वाटायचा.

त्या साली सलग दुसरा दुष्काळ पडला. पहिल्या दुष्काळात माणसं तक्रार करत होती, दुसऱ्यात तीही थांबली. आमच्याकडे दुधाच्या कॅन रिकाम्या परत यायला लागल्या. गोठे मोकळे झाले, ऊसतोडीला गेलेली माणसं तिकडेच रेंगाळली. संघाचे दुधाचे टँकर उभे होते, तर चेअरमन साहेबांनी ते पाण्याला लावले. स्टीलचे चकचकीत टँकर, दुधासाठी घेतलेले, वाड्या-वस्त्यांवर पाणी घेऊन जायला लागले. पहिल्या काही खेपांना पाण्याला दुधाचा वास यायचा, असं ड्रायव्हर अंकुश सांगायचा. लहान पोरं ते पाणी चवीनं प्यायची म्हणे. अंकुश हे हसत सांगायचा आणि ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

कुठल्या वस्तीला टँकर जायचा याची यादी दर सोमवारी निघायची आणि आठवडाभर चालायची. कागदाचीही टंचाई होती, म्हणून एकच प्रत निघायची. ती अंकुशच्या खिशात जायची. गेल्या आठवड्याची यादी उघडायची, ज्यांच्या बोअरला पाणी लागलं त्यांची ओळ काढायची, नव्यांची घालायची. हे काम अर्थातच नानांचं.

त्या सोमवारी एकच ओळ काढायची होती. ढगेवस्तीच्या विहिरीत खोदकामाला झरा लागला होता. नानांना ढगेवस्तीची जागा पाठ होती. कंट्रोल होम म्हणजे पार वर, मग खाली चौदा, शिफ्ट स्पेस, कंट्रोल वजा. ओळ गेली.

पण शनिवारी संध्याकाळी, नाना निघून गेल्यावर, मॅनेजर साहेब माझ्याकडे आले होते. यादीच्या डोक्यावर एक ओळ घाला म्हणाले, "मा. चेअरमन साहेबांच्या प्रयत्नांतून." पाणी संघाचं, तर नाव दिसायला हवं. मी माझा माउस नानांच्या मशीनला जोडला, वर एक ओळ घातली, माउस काढून घेतला आणि बस पकडायला पळाले. सोमवारी नानांना सांगायचं डोक्यातून पार गेलं.

वर एक ओळ आली की खालचं सगळं एकेक पायरी उतरतं. नानांनी चौदा मोजले तिथे आता ढगेवस्ती नव्हती, तिच्या वरची बरडवस्ती होती. त्यात नेमकी लाइट गेली, युपीएस टीं टीं करायला लागला. एरवी असल्या कामाला ते कंट्रोल एफनं नाव शोधून खात्री करायचे. त्या दिवशी चार मिनिटं होती आणि हातावर भरवसा होता. त्यांनी ओळ काढली, छापली, मशीन बंद केलं. मी तहसीलच्या फोनवर होते. नानांनी कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "वाचलीस का?"

मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "वाचली, वाचली." आणि कागद अंकुशला देऊन टाकला.

गुरुवारी दुपारी अंकुशला ऑफिसात आणलं तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता. बरडवस्तीच्या माणसांनी रस्त्यात टँकर अडवला होता. चार दिवस टँकर त्यांच्या दारावरनं धुरळा उडवत पुढे जात होता आणि जाऊन ढगेवस्तीत रिकामा होत होता, जिथे विहिरीला पाणी होतं. ढगेवस्तीवाले तरी आलेलं पाणी कशाला परत पाठवतील? बरडवाल्यांनी त्याचा एकच अर्थ काढला, की ड्रायव्हर फितला. अंकुश ओरडून सांगत होता की यादीत नाव नाही. ओढाताणीत यादीच्या चिंध्या झाल्या होत्या.

"खोटं बोलतो ह्यो!" बरडवस्तीचा एक जण दारातून ओरडला. "चार दिस आमी काय धूळ प्यायची व्हय?"

मॅनेजर साहेब नानांच्या टेबलाशी आले. अंकुश ठेक्यावरचा माणूस, त्याला काढून टाकलं की प्रकरण मिटत होतं. "नाना, सोमवारची यादी परत काढून आणा. बरडवस्ती आहेच ना त्यात? तुमची यादी कुठे चुकते?" एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले.

नानांनी फाइल उघडली. कंट्रोल एफ, बरडवस्ती, एंटर. मशीननं टुंग केलं. सापडत नाही म्हणायची त्याची तीच रीत. नानांनी नाव पुन्हा टाइप केलं, पुन्हा टुंग. मग त्यांनी कंट्रोल होम दाबलं, नाक स्क्रीनला टेकेल इतके पुढे वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

मला सगळं कळलं होतं. आणि मी काय बोलले ते इथे लिहायला पाहिजे, कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "नाना, ओळ घालू या ना. दहा सेकंदं लागतील. कुणाला कळणार नाही."

"आन अंकुश?"

"अंकुश ठेक्यावरचा आहे. लागेल दुसरीकडे कुठेतरी."

हे मी बोलले. पोराबाळाच्या माणसाबद्दल, त्याचं रक्त ऑफिसच्या फरशीवर पडलेलं असताना. मला नानांची खुर्ची वाचवायची होती असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला माझी वाचवायची होती.

नाना माझ्याकडे वळले. त्यांना माझं तोंड कितपत दिसलं कोण जाणे. त्यांनी परत स्क्रीनकडे तोंड केलं आणि कंट्रोल पी दाबलं. प्रिंटर कागद ओढायला लागला. जशी होती तशी, बरडवस्ती नसलेली यादी.

कागद घेऊन ते भिंतीला हात लावत केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेले. अंकुश कोपऱ्यात फडकं ओठाला धरून बसला होता. नानांनी कागद टेबलावर ठेवला. "ह्या पोराची चूक न्हाई. यादीतनं बरडवस्ती माझ्या हातनं गेली."

मॅनेजर साहेब यादी बघून गडबडले. दार ढकलून घेत ते हळू आवाजात म्हणाले, "असू द्या नाना. टायपिंगची चूक म्हणू. होते एखादी. तुम्ही आता दुरुस्त करून आणा, मी बघतो बाहेर काय सांगायचं ते."

सुटका होती. अंकुशही सुटत होता, नानाही. मी मनातून देवाचे आभार मानले.

नाना म्हणाले, "टायपिंगची चूक न्हाई सायेब. मला दिसत न्हाई."

मॅनेजर साहेबांनी यादी परत उचलून पाहिली.

"दोन वर्सं झाली. लपवलं म्या. आज मिटवलं तर फुडल्या सोमवारी परत हुईल, दुसऱ्या कुण्या वस्तीचं." मग अंकुशच्या दिशेला तोंड करून, थोडं चुकलेल्या दिशेला, हात जोडले. "माझ्या वाटचा मार तू खाल्लास बाबा."

अंकुशनं फडकं काढलं, त्यावरच्या रक्ताकडे बघितलं आणि ते परत ओठाला लावलं.

चेअरमन साहेबांना कळायला संध्याकाळ लागली नाही. त्यांनी नानांना घरी बसायला सांगितलं, पण तोवर नाना उठून गेले होते. जाताना कीबोर्ड पुसला, त्यावर कापड टाकलं. मी दारापर्यंत गेले. मला वाटलं, ते विचारतील, सुनंदा, वर ती ओळ कशी आली? त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खुर्चीत मी बसले. सगळे म्हणाले, नानांची शागीर्द, शोभते. मला जेवण जाईना.

अंकुशकडून खबर कळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना टँकर भरायच्या जागी काठी टेकत येऊन उभे राहिले म्हणे. मला बरडवस्तीला ने म्हणाले. अंकुशनं आधी तोंडभरून शिव्या घातल्या, मग हाताला धरून वर केबिनमध्ये ओढून घेतलं. त्यानंतर ते रोजच यायला लागले. अंकुश म्हणाला, "ताई, आता त्यास्नी सोडून गेलो तर वस्तीवरची माणसं मलाच इचारतेत, बाबा कुठाय म्हून."

तीनेक आठवड्यांनी खेपांच्या सह्या आणायला मी टँकरमागे बरडवस्तीला गेले. सकाळी अकराचं ऊन. वस्ती म्हणजे माळावर दहा-बारा घरं आणि एक बाभळ. टँकर थांबला तशी हंडे, बादल्या, पत्र्याचे डबे यांची रांग लागली. नाना खाली उतरले, चाचपत टँकरच्या मागे गेले, जाड पाइप खांद्याखाली धरला आणि पहिल्या हंड्याशी वाकले. कान हंड्याकडे. पाणी वर चढत जाईल तसा त्याचा आवाज बारीक होत जातो, ते त्यांना बरोबर कळायचं. हंडा काठोकाठ यायच्या दोन बोटं आधी पाइप उचलायचे. थेंब सांडत नव्हता.

रांगेच्या शेवटी एक म्हातारी हंड्यावर बसली होती. मी तिला विचारलं, पाणी नीट मिळतंय ना आता.

"मिळतंय की. ह्यो बाबा आल्यापसनं भांडान न्हाई." मग ती नानांकडे बघत म्हणाली, "पयल्या दिशी आला आन म्हनला, माजं चुकलं. म्या म्हनलं, चुकलं तं चुकलं. पर आमाला ढगेवस्तीला मागाया जावं लागलं बाबा. न्हाई म्हनले न्हाईत ते, दिलं त्यांनी. पर मागावं लागलं." हंडा पुढे सरकवायला उठत ती म्हणाली, "तवापसनं येतो."

मी रांगेच्या कडेनं नानांपाशी गेले. त्यांनी पाऊल ओळखलं. "सुनंदा व्हय? यादी नीट निघती का?"

"निघते," मी म्हणाले. मग तीन आठवडे साठवलेलं बाहेर आलं. "नाना, त्या सोमवारी वर एक ओळ मी घातली होती. तुम्हाला सांगायची राहिली. आणि वाचली म्हणाले ती यादी मी वाचलीच नव्हती."

नाना वळले नाहीत. पाइप हंड्यात होता, कान हंड्याकडे.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"टुंग झालं तवाच. नाक टेकवून वाचली की वरची ओळ. मी कवा कुणाच्या नावाची ओळ घालतो व्हय?"

"मग साहेबांना का नाही सांगितलं?" मला रडू आवरेना. "माझं नाव का नाही घेतलं?"

"घिऊन काय? खुर्ची एकाची जायची ती दोघांची गेली असती. माझं सा म्हैनं ऱ्हायलं हुतं, तुझी तीस वर्सं हायत." हंड्यातला आवाज बारीक झाला. त्यांनी पाइप उचलला. "आन वाचत जा आता. समदं वाचायचं, मंगच कागद द्यायचा. हो बाजूला, मागं बाया उभ्या हायत."

मी बाजूला झाले. पुढच्या बाईनं आपली बादली सरकवली, नाना तिच्याशी वाकले. मी तिथेच उभी राहून रडले, आणि माझ्याकडे कुणी बघितलं नाही, कारण टँकर अर्धा रिकामा झाला होता आणि रांग अजून बाभळीपर्यंत होती.